रूळ जेथे थांबले

बालाघाट जिल्ह्याच्या नकाशावर मलाजखंडचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु रेल्वेची रेघ काही त्या नावापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. देशातील तांब्याचा सर्वांत मोठा साठा ज्या गावाच्या कुशीत आहे, त्या गावाला रेल्वेस्थानक नाही, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. गोंदियाहून बालाघाटपर्यंत सुमारे ४० किलोमीटर आगगाडीने यावे आणि तेथून बैहरमार्गे मोटारीने आणखी ९० किलोमीटर जावे, तेव्हा मलाजखंड येते. या वाटेवर मँगनीजच्या खाणी आहेत, घाट आहे, आणि घाट चढून गेल्यावर मैलोन्‌मैल सालवृक्षांचे अरण्य आहे. जगाच्या इतर भागांत असे अरण्य दिसले की माणसाने त्यात रूळ घातले, लाकूड वाहिले, आणि त्या कामासाठी वळणावळणांतून वाकत जाणारी विलक्षण एंजिने घडवली. येथे मात्र रूळ घाटाखालीच राहिले. ते का राहिले आणि त्यामुळे या भूमीचे काय झाले, हा विचार संपूर्ण प्रवासभर आमच्या सोबतीला होता; तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जंगलातून लाकूड काढण्यासाठी खास रेल्वे घालण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत भरभराटीस आला. तेथील लाकूड-कंपन्या डोंगराचा एक उतार निवडीत, त्यावर घाईघाईने रूळ टाकीत, उतारावरील झाडे सरसकट तोडून गाड्या भरीत, आणि उतार उजाड झाला की रूळ उचलून पुढच्या उतारावर नेत. अशा मार्गाला ना नीट भराव असे, ना खडी. चढ उभे, वळणे आवळ आणि रूळ हलके. सामान्य एंजिनाला हे मानवत नसे. साध्या वाफेच्या एंजिनाची ओढणारी सर्व चाके एकाच ताठ चौकटीत बसवलेली असतात. ताकद वाढवायची तर चाके वाढवावी लागतात. चाके वाढली की चौकट लांबते. आणि लांब चौकट आवळ वळणावर रुळांतून उसळते. जिन्याच्या वळणावरून लांब वासा माडीवर चढवू पाहणाऱ्या कोणासही ही अडचण ठाऊक असते. तोच वासा मध्ये कापून बिजागरीने जोडला तर निमूटपणे वळतो. सांध्याच्या एंजिनांचे सारे रहस्य या बिजागरीत आहे.

ही बिजागरी वेगवेगळ्या कारागिरांनी वेगवेगळ्या तऱ्हेने बसवली. मिशिगन राज्यातील एफ्राइम शे हा स्वतःच लाकडाचा व्यापारी होता. त्याने १८८१ मध्ये ज्या एंजिनाचे पेटंट घेतले, त्यात बॉयलर एका बाजूला सरकवलेला आणि दुसऱ्या बाजूला उभी सिलिंडरे बसवलेली असत. सिलिंडरांची ताकद लांब दांड्याने आणि दातेरी चाकांनी खालच्या प्रत्येक चाकापर्यंत पोहोचवली जाई. चाकांचे गाडे डब्याच्या गाड्यांप्रमाणे आपापल्या खिळ्याभोवती फिरत. हे एंजिन दिसायला कुबडे आणि चालीला मंद होते; पण जेथे बैल घसरले असते तेथे ते चढून जाई. लिमा येथील कारखान्यातून १९४५ पर्यंत अशी पावणेतीन हजारांच्या आसपास एंजिने बाहेर पडली. स्वित्झर्लंडचा आनातोल मालेट याने १८८४ मध्ये दुसरी वाट काढली. त्याने एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच ठेवले. मागचा संच बॉयलरला पक्का जोडलेला, पुढचा खिळ्यावर डावी-उजवीकडे फिरणारा. वाफ आधी मागच्या सिलिंडरांत काम करी आणि उरलेल्या दाबाने पुढच्या मोठ्या सिलिंडरांत. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेण्याची ही काटकसर होती.

या एंजिनांनी काय केले, त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. टेनेसी राज्यातील लिटल रिव्हर या लाकूड-कंपनीने १९०९ मध्ये बाल्डविन कारखान्याकडून एक छोटे मालेट जातीचे एंजिन घेतले. ग्रेट स्मोकी पर्वताच्या दऱ्यांतून त्या कंपनीच्या गाड्या ओंडके वाहून नेत. १९३४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९३९ मध्ये कंपनीची करवत थांबली. म्हणजे तेथे आधी रूळ आले, मग कुऱ्हाड आली, आणि उद्यान आले ते बहुतांशी तोडून झालेल्या डोंगरांवर. आज तेथे पुन्हा घनदाट अरण्य आहे, यात संशय नाही. परंतु ते दुसऱ्या पिढीचे अरण्य आहे. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण बैहरच्या पठारावर तो उलटा लागला.

आपल्याकडे सांध्याची एंजिने नव्हती असे मात्र नाही. महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण माथेरानचे. नेरळ ते माथेरान ही दोन फुटी लोहवाट १९०७ मध्ये सुरू झाली, तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याची चार एंजिने तिच्यावर आली. त्यांची चौकट एकसंधच होती; परंतु पुढच्या आणि मागच्या आसांवर पोकळ नळीचे आवरण होते आणि चाके त्या नळीवर बसवलेली होती. नळीच्या आत गोलाकार सांधा असल्यामुळे ही चाके वळणाबरोबर किंचित तिरपी होत. जर्मन भाषेतील क्लीन-लिंडनर या जोडनावाने ही रचना ओळखली जाते. त्या चारांपैकी एक एंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. भोर घाटात १९२८ नंतर आलेली विजेची मालगाडीची एंजिनेही सांध्यांवर वळणारी होती. रेल्वेच्या माणसांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव दिले. ते इतके चपखल बसले की कारखान्याचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही.

परंतु या भागाशी ज्यांचा थेट संबंध पोहोचतो ती एंजिने म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेची गॅरेट. हर्बर्ट विल्यम गॅरेट या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही रचना कल्पिली आणि मँचेस्टरच्या बायर-पीकॉक कारखान्याने ती प्रत्यक्षात आणली. यात दोन स्वतंत्र चाकांचे गाडे एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात आणि बॉयलर त्या दोघांच्या मध्ये, दोन खांद्यांवर टांगलेल्या पालखीप्रमाणे, अधांतरी असतो. बॉयलरखाली चाके नसल्यामुळे तो हवा तेवढा रुंद करता येतो. वळणावर पुढचे आणि मागचे भोई आपापल्या वाटेने वळतात. पालखी मात्र सरळ राहते. भारतात असे पहिले एंजिन १९११ मध्ये दार्जिलिंगच्या छोट्या रुळांवर आले. बंगाल-नागपूर रेल्वेने १९२५ मध्ये दोन गॅरेट मागवून पाहिली, आणि १९२९ ते १९३१ या काळात आणखी २६ घेतली. त्यांतील सोळा एंजिनांचा जो वर्ग होता, त्याच्या एकेका एंजिनाला २४ चाके होती आणि त्यांतील १६ चाके ओढणारी होती. त्याचे वजन सव्वादोनशे टनांहून अधिक भरे. भारतात धावलेल्या वाफेच्या सर्वांत मोठ्या एंजिनांत त्यांची गणना होते. दिल्लीच्या त्याच संग्रहालयात ८१५ क्रमांकाचे गॅरेट उभे आहे. दिल्लीतील आपल्या मंडळींनी मुलांना घेऊन ते अवश्य पाहावे. माथेरानचे खेळण्यासारखे एंजिन आणि हा राक्षस एकाच आवारात पाहिले की वळणावर मात करण्याच्या दोन टोकांच्या युक्त्या एका दुपारी समजतात.

आता गंमत अशी, की हे राक्षस ज्या कंपनीचे, तिचीच सातपुड्यातील छोटी रेल्वेही होती. बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली, आणि नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या तिच्या मुख्य मार्गावरील गोंदियापासून तिने अडीच फुटी रूळ उत्तरेकडे नेले. गोंदिया ते नैनपूर १९०३-०४ च्या सुमारास आणि नैनपूर ते जबलपूर १९०५ पर्यंत पुरे झाले. पुढे छिंदवाडा, मंडला, कटंगी अशा दिशांना फाटे फुटले, आणि नैनपूर हे छोट्या रुळांचे मोठे जंक्शन म्हणून प्रसिद्धीस आले. या रुळांवर मात्र गॅरेट आले नाही, मालेट आले नाही, की शे आले नाही. येथे साध्या, एकसंध चौकटीची छोटी एंजिनेच धावली. छोटा नागपूरच्या चढांवर, चक्रधरपूरच्या बाजूला, कोळशाच्या आणि खनिजाच्या लांबच लांब गाड्या ओढायच्या होत्या, म्हणून तेथे गॅरेट लागले. सातपुड्याची गाडी वैनगंगेच्या खोऱ्यातून जाई, धान्य, लाकूड, मँगनीज आणि माणसे वाही, आणि तिची वळणे अरुंद रुळांनीच सांभाळून घेतली.

या गाडीने वाहिलेल्या माणसांविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे, कारण त्यांत आपलीच मंडळी पुष्कळ होती. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. वैनगंगेकाठचा मराठी मुलूख त्यात आला आणि घाटावरचा गोंड-बैगांचा मुलूखही आला. जिल्ह्याचे ठाणे ज्या गावात बसले त्याचे जुने नाव बुढा. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना बालाघाटच्या मराठी घरांना आपण परमुलखात आहोत असे कधी वाटण्याचे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि गोंदिया-बालाघाट यांच्यामधून राज्याची सीमा गेली.

बालाघाटला आम्ही एका मराठी कुटुंबात दुपारी उतरलो होतो. घरातील आजींनी आमच्या ताटात झुणका वाढता वाढता त्या दिवसांचे जे वर्णन केले, ते कोणत्याही गॅझेटियरपेक्षा नेमके होते. “लुगडं घ्यायचं तर गोंदियाला, देवदर्शन रामटेकला आणि कोर्टकचेरी नागपूरला, असं होतं जी आमचं. मग एक दिवस ऐकलं का आता कोर्ट जबलपूरला. गाडी तीच, रूळ तेच. फक्त पहिले इकडच्या बाजूनं बसायचो, मग तिकडच्या बाजूनं बसायला लागलो. गाव हाललं नाही जी, सरकार हाललं.” महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या किती कुटुंबांची कथा या चार वाक्यांत आहे! आपल्यापैकी काही जण पोटासाठी घर सोडून दूर आले. काही जण घरात बसल्या बसल्याच बाहेरचे झाले. या दुसऱ्या प्रकारच्या मंडळींना माहेराशी जोडून ठेवण्याचे काम वर्षानुवर्षे त्या छोट्या गाडीने केले. गोंदिया-बालाघाटचे रूळ या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाले. बालाघाट ते जबलपूरच्या बाजूची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, आणि पुढे सहाएक वर्षांनी गोंदिया ते जबलपूर हा सबंध मार्ग रुंद रुळांचा होऊन खुला झाला. आता गाडी जलद जाते. जलद गाडीच्या खिडकीतून स्थानकांची नावे वाचता येत नाहीत, ही आजींची तक्रार आहे. आम्हास ती अगदीच अनाठायी वाटली नाही.

बालाघाट सोडून बैहरच्या रस्त्याला लागले की प्रथम भरवेली येते. येथील मँगनीजची भूमिगत खाण आशियातील अतिशय खोल मँगनीज खाणींपैकी आहे. मॉइल ही सरकारी कंपनी ती चालवते, आणि कंपनीचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. या खाणीसाठी बालाघाटहून भरवेलीपर्यंत रेल्वेचा फाटा काढला होता. त्याचे कारण सोपे आहे. मँगनीजचे चांगले खनिज खाणीतून निघते तसेच, दगडाच्या रूपात, दूरच्या पोलाद कारखान्यांकडे जाते. जेवढे खणावे तेवढेच बहुतेक वाहावे लागते. इतके ओझे बैलगाडीच्या आवाक्यातले नव्हे. रेल्वे गावासाठी येत नाही, वजनासाठी येते, हा नियम येथे प्रथम डोळ्यांत भरतो.

भरवेलीच्या पुढे गांगुलपारा तलावाजवळून घाट लागतो. रस्ता वळणे घेत चढतो आणि हवा पालटते. खाली बांबू, साग आणि मिश्र झाडी. वर जावे तसतसा साल दिसू लागतो, आणि उकवा ओलांडून बैहरच्या पठारावर यावे तो साल हाच राजा असतो. खालचे पाणी वैनगंगेला मिळून गोदावरीकडे जाते. पठारावरील बंजर नदी मंडल्याजवळ नर्मदेला मिळते. एका घाटाने दोन समुद्रांच्या पाण्याची वाटणी केली आहे.

रेल्वेचा आणि सालाचा संबंध जुना आहे. लोखंडी रुळांखाली जे लाकडी स्लीपर अंथरावे लागत, त्यांसाठी साल हे उत्तम लाकूड. रुंद रुळांच्या एका मैलाला दोन हजारांच्या आसपास स्लीपर लागत, आणि ते काही वर्षांनी बदलावे लागत. म्हणजे रेल्वे जसजशी वाढली तसतशी अरण्याची मागणी वाढली. १८६० च्या सुमारास मध्य प्रांतात वनखात्याचे काम सुरू झाले, १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारचे वनखाते स्थापन झाले आणि १८७८ मध्ये वनकायदा आला. त्यामागे स्लीपरांच्या पुरवठ्याची चिंता हे एक मोठे कारण होते. मग इतके मोलाचे लाकूड असताना बैहरच्या पठारावर अमेरिकेसारखी लाकूड-रेल्वे का झाली नाही? अन्यत्र ती झाली होती. कोचीन संस्थानाने परंबिकुलमच्या सागासाठी १९०७ मध्ये जंगलातून लोहवाट नेली. ती १९६३ पर्यंत टिकली. बडोद्याच्या गायकवाडी राज्याने बिलिमोऱ्याहून डांगातील वघईकडे १९१३ मध्ये सुरू केलेल्या छोट्या रेल्वेमागेही डांगचा सागच होता.

याचे उत्तर तोडीच्या पद्धतीत आहे, असे आम्हास वाटते. वनखात्याने येथे सरसकट तोड न करता निवडक तोड ठेवली. जंगलाचे कूप पाडायचे, पाळीपाळीने एकेका कुपात जायचे, वयात आलेली झाडे पाहून त्यांवर खात्याच्या हातोड्याची खूण उठवायची, आणि तेवढीच तोडायची. कोवळी झाडे आणि बियाण्याची झाडे उभी ठेवायची. अशा तोडीत एका जागेवर फार लाकूड निघत नाही. येथे एक, तेथे दोन अशी विखुरलेली झाडे आणण्यासाठी रूळ घालणे कोणत्याही हिशेबात परवडत नाही. बैलजोडी आणि खटारा पुरतो. खटाऱ्याला ना भराव लागतो, ना पूल. तो झाडांमधून वाट काढतो, पावसाळ्यात थांबतो, आणि गेल्यावर त्याची चाकोरी गवताने भरून येते. पुढे ट्रक आले तरी पद्धत तीच राहिली. सांध्याचे एंजिन ही थोड्या जागेतून थोड्या काळात पुष्कळ लाकूड ओढून नेण्याची युक्ती आहे. जेथे पुष्कळ न्यायचेच नाही, तेथे तिला काम नाही. म्हणून रूळ बालाघाटला थांबले, आणि लाकूड घाट उतरून त्यांच्याकडे आले.

या थांबण्याचे फळ आज उघड्या डोळ्यांनी दिसते. बैहरच्या जवळच कान्ह्याच्या अरण्याचे मुक्की हे प्रवेशद्वार आहे. त्या अरण्याचा काही भाग १८७९ मध्ये राखीव झाला, १९३३ मध्ये त्यात अभयारण्य आले, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. स्मोकी पर्वतात तोडलेल्या डोंगरांवर उद्यान वसले. कान्ह्यात उभ्या सालवनावर वसले. बारशिंगे ज्या कुरणांत चरतात त्यांच्या कडेचे साल पाहिले, की एखादी गोष्ट न घडण्याचेही मोल असते हे पटते.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जंगल राखले ते ज्यांचे जंगल होते त्यांच्यासाठी राखले असे नाही. बैगा लोक पिढ्यान्‌पिढ्या झाडी कापून जाळायचे आणि राखेत बी पेरायचे. या शेतीला ते बेवर म्हणतात. धरणीमातेच्या छातीवर नांगर चालवणे त्यांना पाप वाटे. वनखात्याने बेवर बंद केले. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात बैगाचक नावाचा एक मर्यादित टापू त्यांच्यासाठी सोडला. इतरत्र त्यांना नांगर धरावा लागला किंवा वनग्रामांत राहून खात्याची मजुरी करावी लागली. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या लोकांची जीवनकथा सविस्तर मांडली आहे. शिवाय राखलेले जंगल निर्भय राहिले असेही नव्हे. १९९० नंतरच्या दशकात साल पोखरणाऱ्या किड्याची मोठी साथ मंडला आणि बालाघाटच्या रानांत आली आणि असंख्य उभी झाडे तोडावी लागली. तरीही जंगल जंगल राहिले. साल पुन्हा बी टाकतो, पुन्हा उगवतो. त्याला शंभर वर्षे दिली तर तो झालेले नुकसान भरून काढतो.

बैहरहून वीसएक किलोमीटर गेल्यावर मलाजखंड येते, आणि तेथे ही भरपाईची भाषा संपते. या ठिकाणी गारगोटीच्या दगडाची एक धनुष्याकृती टेकडी होती. त्या गारगोटीत आणि आजूबाजूच्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी तांब्याचे खनिज साचले. सालाचे पहिले झाड पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीची ही घटना. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने येथे उघडी खाण काढली आणि १९८२ मध्ये प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. टेकडी होती तेथे आज पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारा प्रचंड खड्डा आहे. काठावर उभे राहून पाहिले की तळाशी चालणारा डंपर मुंगीएवढा दिसतो. वळणावळणांचा तो रस्ता पाहताना आम्हास क्षणभर वाटले, की सांध्याच्या एंजिनाला साजेशी जागा या जिल्ह्यात हीच; पण ते काम रबरी चाकांच्या डंपरांनी केले.

आणि तरी येथेही रेल्वे आली नाही. त्याचे कारण खनिजाच्या गणितात आहे. येथील दगडात तांबे असते शंभरात साधारण एक भाग. तो दगड जागेवरच फोडतात, दळतात, पाण्यात आणि रसायनांत घुसळून फेसावर खनिजाचे कण वेगळे करतात, आणि जी काळपट भुकटी मिळते तिच्यात तांबे शेकडा वीस-पंचवीसपर्यंत चढलेले असते. ही भुकटी राजस्थानातील खेत्रीसारख्या दूरच्या ठिकाणी पाठवली जाई. म्हणजे शंभर टन दगड उपसला, तर गाव सोडून जाते ती चारपाच टन भुकटी. तेवढ्यासाठी ट्रक पुरतात. उरलेले पंचाण्णव टन, पिठासारखे बारीक झालेले, पाण्याच्या गाळातून बांधाआड साठवले जातात आणि कायमचे येथेच राहतात. भरवेलीत जे निघते ते बहुतेक सारे जाते. जंगलातून जेवढे निवडावे तेवढे जाते. मलाजखंडातून मात्र जाते थोडे आणि मागे राहते पुष्कळ. डोंगर गावातच राहिला, फक्त त्याचे रूप पालटले.

खाणीने मलाजखंडला वस्ती दिली, शाळा दिली, दवाखाना दिला, देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे एका वसाहतीत आणली. त्यांत नागपूर-भंडाऱ्याकडील मराठी घरेही आहेत. तेथे गणपती बसतो आणि संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो. विजेची तार, पंखा, मोटार यांच्यासाठी तांबे लागते, आणि ते आपणा सर्वांच्या घरांत आहे. म्हणून खाणीला नुसता दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. उघड्या खाणीची खोली आता मर्यादेपर्यंत गेल्यामुळे काम जमिनीखालच्या बोगद्यांकडे वळले आहे. तांबे भूगर्भात अजून बरेच आहे. पण ते कधीतरी संपणारे आहे, आणि साल जसा बी टाकतो तसे तांबे टाकीत नाही.

अमेरिकेतील लाकूड-कंपन्यांची गावे झाडे संपताच ओस पडली, कारण जाणाऱ्या मालाखेरीज त्या गावांना दुसरा आधारच नव्हता. बैहरच्या पठाराला मात्र आधार आहे. जवळ अरण्य आहे, भाताची शेती आहे, गोंड-बैगांची जुनी गावे आहेत. खाणीच्या पैशातून या आधारांना बळ मिळाले, गाळाच्या बांधांवर माती आणि झाडे आली, खड्ड्यात साचणारे पाणी नीट राखले गेले, तर तांबे सरल्यावरही मलाजखंड हे गाव राहील. हे काम खाण चालू असतानाच व्हावयास हवे. ती थांबल्यानंतर त्यासाठी ना पैसा असतो, ना माणसे.

परतीच्या वाटेवर आम्ही बैहरच्या अलीकडे थोडा वेळ थांबलो. रस्त्याच्या कडेला वनखात्याच्या खुणेचा एक ओंडका पडला होता आणि त्याच्या बुंध्यापासून दहा पावलांवर हातभर उंचीची सालाची रोपे दाटीने उभी होती. मोटारीत आमच्यासोबत असलेल्या शाळकरी मुलाने ती मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत मोजून त्याने नाद सोडला.